बरें असणें आणि चांगलें असणें

मनुष्य दिवसांतून जीं वाक्यें सर्वांत अधिक वेळां उच्चारतो, त्यांचाच विचार तो सर्वांत कमी करतो. 'कसें काय?' हा प्रश्न आणि 'बरें आहे' हें उत्तर, हीं दोन वाक्यें याच वर्गांतलीं होत. रस्त्यांत, कचेरींत, लग्नमंडपांत, इतकेंच काय पण रुग्णाच्या उशाशीं बसूनसुद्धां आपण तीं बोलतों. विचारणाऱ्याचें उत्तराकडे फारसें लक्ष नसतें आणि उत्तर देणारा प्रश्न पुरता ऐकून घेण्याची वाट पाहत नाहीं. असें असतांहि या किरकोळ देवघेवींत सत्य, सौजन्य आणि आत्मपरीक्षण या तीन मोठ्या गोष्टींचा संबंध येतो. कोणी आपुलकीनें आपली प्रकृति विचारली आणि आपण खरोखर बरे नसलों, तर 'बरा आहें' असें म्हणणें हें असत्य भाषण होय किंवा नव्हे? आणि मुळांत 'मी बरा आहें' या शब्दांनीं आपण स्वतःविषयीं नक्की काय सांगत असतों?

स्वभाषेंतील नित्याचे शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झालेले असतात कीं, त्यांवर विचाराचें पाऊल ठरत नाहीं. परकी भाषा शिकूं लागलेल्या मनुष्यास मात्र पावलोपावलीं अडखळावें लागतें, आणि जेथें अडखळावें लागतें तेथेंच खालीं वांकून पाहण्याची बुद्धि होते. यासाठीं आम्ही येथें स्पॅनिश भाषेंतील कुशलप्रश्नाचें उदाहरण घेणार आहों. स्पेनपासून मेक्सिकोपर्यंत आणि क्यूबापासून अर्जेंटिनापर्यंत सुमारें २० देशांच्या राज्यकारभाराची ती भाषा असून जवळजवळ ५० कोटि लोकांची ती मातृभाषा आहे. इतक्या लोकांच्या तोंडीं रोज असलेलें एक साधें उत्तर विचारास खाद्य पुरवील, यांत नवल नाहीं.

'कोमो एस्ता उस्तेद?' म्हणजे 'आपण कसे आहां?' असा स्पॅनिश मनुष्याचा प्रश्न. आणि 'एस्तोय बिएन, ग्रासियास' म्हणजे 'मी बरा आहें, आभारी आहें' हें त्याचें उत्तर. नवशिका विद्यार्थी येथें हटकून चुकतो. इंग्रजीच्या वळणानें वाक्य जुळविण्याची संवय असल्यामुळें तो 'सोय बुएनो' असें म्हणून मोकळा होतो. ऐकणाऱ्यास हंसूं येतें. कारण या वाक्याचा अर्थ 'माझी प्रकृति बरी आहे' असा नसून 'मी भला मनुष्य आहें' असा आहे. प्रकृतीची चौकशी केली असतां शीलाचें प्रशस्तिपत्र काढून दाखविण्यासारखाच हा प्रकार झाला!

आपण मराठींत हा भेद विशेषणानें दाखवितों. 'तो बरा आहे' आणि 'तो भला आहे' या दोहोंकडे क्रियापद एकच. स्पॅनिशमध्यें भेद क्रियापदांतच भरलेला आहे. 'असणें' या एका क्रियापदाचें काम तेथें 'सेर' आणि 'एस्तार' अशीं दोन क्रियापदें वांटून घेतात. एखादा मनुष्य कोण आहे, कोणत्या वर्गाचा वा गुणाचा आहे, हें 'सेर'नें सांगावयाचें. तो कोठें आहे, कोणत्या अवस्थेंत आहे, त्याचें काय झालेलें आहे, हें 'एस्तार'नें. 'मी वैद्य आहें' यास 'सेर'. 'मी घरीं आहें', 'मी थकलों आहें', 'मी बरा आहें' यांस 'एस्तार'. क्रियापद बदलतांच एकाच विशेषणाचा अर्थ पालटतो. 'मालो' हा शब्द 'सेर'च्या संगतींत आला तर मनुष्य दुष्ट ठरतो. 'एस्तार'च्या संगतींत आला तर तो बिचारा केवळ आजारी असतो. 'लिस्तो' हा एकीकडे हुशार, तर दुसरीकडे नुसता तयार.

या दोन क्रियापदांची कुळकथाहि ऐकण्यासारखी आहे. 'एस्तार' हें लॅटिन 'स्तारे', म्हणजे उभें राहणें, या धातूपासून निघालें. आणि तो लॅटिन धातु व आपला संस्कृत 'स्था' हे दोघे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. 'सेर'च्या रूपांत दोन लॅटिन धातूंची सरमिसळ झालेली आहे. त्यांपैकीं 'एस्से' हा संस्कृत 'अस्'चा भाऊबंद, आणि 'सेदेरे', म्हणजे बसणें, हा 'सद्'चा. तेव्हां मुळाशीं जाऊन पाहिलें तर 'एस्तोय बिएन' याचा अर्थ 'मी नीट उभा आहें' असा होतो. आतां आपल्या 'स्वस्थ' शब्दाकडे पाहावें. जो स्वतःच्या ठिकाणीं स्थित आहे तो स्वस्थ, आणि त्याची ती स्थिति म्हणजे स्वास्थ्य. स्पॅनिश बोलणाऱ्याच्या मनांत हें मूळ नसतें, जसें आपल्याहि मनांत नसतें. तरीपण दोन दूरच्या भाषांनीं आरोग्याची कल्पना एकाच धातूच्या आधारानें व्यक्त करावी, ही गोष्ट बोधप्रद खरी. स्पॅनिशची सख्खी बहीण जी पोर्तुगीज भाषा तींतहि हाच भेद याच दोन क्रियापदांनीं करतात; आणि गोव्यांत १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता असल्यामुळें तेथील जुन्या सुशिक्षित कुटुंबांस ही रीति अपरिचित नव्हती.

'कायम असेल तें सेर आणि तात्पुरतें असेल तें एस्तार' असा एक सोपा नियम विद्यार्थ्यांस सांगण्यांत येतो. हा नियम पहिल्या पावलास उपयोगी आहे, पण दुसऱ्या पावलास तो मोडतो. 'तो मेलेला आहे' हें स्पॅनिशमध्यें 'एस्तार'नें सांगतात. आणि मरणाहून अधिक कायमची अवस्था ती कोणती? उलट पक्षीं 'ती तरुण आहे' हें सामान्यतः 'सेर'नें सांगतात. आणि तारुण्याहून अधिक उतावीळ पाहुणा तो कोण? यावरून भेद काळाच्या लांबीचा नाहीं हें उघड होतें. मरण ही मनुष्यावर येऊन पडलेली अवस्था आहे, ती त्याची ओळख नव्हे. म्हणून तेथें 'एस्तार'. तारुण्य सरणार हें ठाऊक असूनहि तें त्या काळापुरतें मनुष्याच्या वर्णनाचा भाग होतें. म्हणून तेथें 'सेर'. सुखाच्या बाबतींत तर हा विवेक अधिकच सूक्ष्म होतो. 'कोन्तेन्तो' म्हणजे संतुष्ट, हा शब्द 'एस्तार'लाच चिकटून असतो. 'फेलीस' म्हणजे सुखी, हा शब्द मात्र दोन्ही क्रियापदांबरोबर चालतो. आजच्या एखाद्या आनंदाच्या वार्तेनें सुखी झालेला मनुष्य 'एस्तार' वापरूं शकतो, पण आपल्या आयुष्याविषयीं निर्वाळा द्यावयाचा झाला तर 'सेर'च लागतें. समाधान ही एक जागा आहे, तेथें आपण आज उभे असतों व उद्यां कदाचित् नसूं. पण 'मी सुखी आहें' असें 'सेर'नें म्हणतांना मनुष्य साऱ्या जीवनाचा हिशेब पुढें मांडतो. म्हणूनच कीं काय, पहिलें वाक्य सहज निघतें आणि दुसऱ्यापूर्वीं विचारी मनुष्य थोडा थांबतो.

या व्याकरणभेदांत एक नैतिक भेद सामावलेला आहे, असें आम्हांस वाटतें. रोगी मनुष्यास सर्वांत मोठें दुःख रोगाचें असतेंच असें नाहीं. पुष्कळदां आपण आतां रोगी या नांवानेंच ओळखले जाणार, घरांत आपली जागा आजाऱ्याची ठरणार, या जाणिवेचें दुःख त्याहून अधिक असतें. 'बरें नसणें' हें हळूहळू 'बरा नसणारा मनुष्य' होऊन बसतें, आणि मग प्रकृतीची उणीव त्यास आपल्या योग्यतेची उणीव वाटूं लागते. जी भाषा बोलणाऱ्यास प्रत्येक वेळीं क्रियापद निवडावयास लावते, ती भाषा निदान एवढी आठवण देते कीं, तुझें काय झालें आहे आणि तूं कोण आहेस या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सर्व्हान्टिसच्या 'डॉन किखोते' या कादंबरीचा दुसरा भाग १६१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरीस नायक अंथरुणास खिळलेला आहे. वेडाचा अंमल उतरलेला आहे, शक्ति संपलेली आहे, आणि मरण उशाशीं येऊन बसलें आहे. अशा वेळीं तो भोंवतीं जमलेल्या मित्रांस सांगतो कीं, आपण आतां शूर सरदार डॉन किखोते नसून, सदाचरणामुळें लोकांनीं ज्यास 'भला' हें उपपद दिलें होतें तोच साधा आलोन्सो किखानो आहों. 'बुएनो' हें विशेषण त्याच्या नांवास जोडलेलें आहे, प्रकृतीस नव्हे. ज्या घटकेस 'एस्तोय बिएन' म्हणण्याची सोय त्यास कायमची उरली नव्हती, त्याच घटकेस त्याचा भलेपणा त्यास परत मिळाला. बरें असणें सुटलें तरी चांगलें असणें सुटत नाहीं, याचें याहून मनोहर उदाहरण आमच्या आढळांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, व्याकरणावरून तत्त्वज्ञान काढण्याचा हा उद्योग फसवा आहे. ज्यांच्या भाषेंत एकच क्रियापद आहे ते लोक रोगी व दुष्ट यांचा घोंटाळा करतात काय? आणि ज्यांच्या भाषेंत दोन आहेत ते सर्व विवेकी निपजतात काय? हा आक्षेप रास्त आहे. स्पॅनिशमध्येंहि 'एन्फेर्मो' म्हणजे रोगी हा शब्द नामासारखा 'सेर'बरोबर वापरतां येतो, आणि तो तसा वापरून माणसाचा अपमानहि करतां येतो. भाषा कोणास शहाणें करीत नाहीं. परंतु घरांत दोन निराळीं मापें असलीं म्हणजे कशास कोणतें लावावें हा प्रश्न तरी वारंवार पुढें येतो. आणि पुढें आलेला प्रश्न एखाद्या वेळीं मनुष्यास विचार करावयास लावतो. याहून अधिक श्रेय आम्ही व्याकरणास देत नाहीं.

आतां उत्तराच्या निरनिराळ्या तऱ्हा पाहूं. कारण पुढील विचारास त्यांचा उपयोग होणार आहे. 'एस्तोय बिएन' हें उत्तर एकटें नाहीं. ज्यास आपली आंतील जाणीव सांगावयाची आहे तो 'मे सिएन्तो बिएन', म्हणजे 'मला बरें वाटतें', असें म्हणतो. कोणी 'मे एन्कुएन्त्रो बिएन' म्हणतो. याचा शब्दार्थ 'मी स्वतःस बऱ्या स्थितींत सांपडतों' असा आहे, जणूं काय मनुष्य स्वतःचा शोध करावयास गेला आणि आपण सुखरूप असल्याचें त्यास आढळून आलें! भाविक मनुष्य 'बिएन, ग्रासियास आ दिओस' म्हणून देवाचे आभार मानतो. मध्यम स्थितींतला 'रेगुलार' म्हणतो. आणि या शब्दावरून सर्व कांहीं सुरळीत आहे असा कोणी अर्थ घेतला तर तो फसेल, कारण संभाषणांत त्याचा अर्थ 'असेंतसेंच' असा आहे. 'नो मे पुएदो केखार' म्हणजे 'तक्रारीस जागा नाहीं'. स्पेनमध्यें 'बामोस तिरान्दो' हें उत्तर फार ऐकूं येतें. 'आम्ही कसाबसा गाडा ओढीत आहों' असा त्याचा भाव. बोलणारा एकटाच असून क्रियापद मात्र अनेकवचनीं! आपल्या ओढाताणींत तो सारें घर, किंबहुना विचारणाऱ्यासहि, सामील करून घेतो. कोलंबियासारख्या अमेरिकेंतील देशांत सकाळीं भेटणाऱ्यास 'कोमो आमानेसिओ?' असें विचारतात. 'आपण कसे उजाडलां?' असें त्याचें शब्दशः भाषांतर होईल. दिवस उजाडतो तसा मनुष्यहि रोज नव्यानें उजाडतो आणि कालच्या प्रकृतीवरून आजची गृहीत धरतां येत नाहीं, हें या गोड प्रश्नांत सुचविलें आहे.

मुख्य प्रश्न असा: जो खरोखर बरा नाहीं, त्यानें 'बिएन, ग्रासियास' म्हणावें काय? सत्याविषयींच्या कडकपणाबद्दल जर्मन तत्त्वज्ञ कांट याची ख्याति आहे. १७९७ मध्यें लिहिलेल्या एका निबंधांत त्यानें असा पक्ष घेतला कीं, मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्यानें दारांत येऊन 'तो घरांत आहे काय?' असें विचारलें, तरीहि खोटें बोलण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण याच कांटनें त्याच वर्षींच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत, पत्राच्या अखेरीस 'आपला आज्ञाधारक सेवक' असें लिहिणें हें असत्य होय काय, असा प्रश्न काढून, त्यानें कोणीच फसत नाहीं असें नमूद केलें. आणि १७९८ मध्यें शिष्टाचाराच्या शब्दांस त्यानें व्यवहारांतील खुर्द्याची उपमा दिली. खुर्द्याची किंमत सर्वांस ठाऊक असते. तो सोनें म्हणून कोणी घेत नाहीं. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यानें १९२३ मध्यें हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें दाखविली. कुशलप्रश्न, हवापाण्याच्या गप्पा, यांसारखें बोलणें माहिती देण्यासाठीं नसून माणसांमाणसांतील संबंध जोडण्यासाठीं असतें, असें त्याचें म्हणणें. या दृष्टीनें पाहतां रस्त्यांत भेटलेल्या परिचितास 'बिएन' म्हणणारा आजारी मनुष्य खोटें बोलत नाहीं. तो प्रकृतीचें निवेदन करीतच नाहीं. तो फक्त नमस्कारास नमस्कार करतो.

येथवर वाद मिटल्यासारखा दिसतो, पण तो मिटलेला नाहीं. अडचण अशी कीं, खुर्दा आणि सोनें या दोहोंवर एकच छाप आहे. जे शब्द परिचितानें सहज विचारले, तेच शब्द आई विचारते, पत्नी विचारते, वैद्य विचारतो. तेथें तो प्रश्न केवळ नमस्कार नसतो. आणि तेथें खुर्दा पुढें करणें ही फसवणूक होऊं शकते. पोटासाठीं घर सोडून दूरदेशीं गेलेल्या मनुष्याचें उदाहरण घ्यावें. मेक्सिको व मध्य अमेरिका यांतून लक्षावधि लोक कामासाठीं उत्तरेस गेलेले आहेत. घरच्यांनीं विचारलें असतां 'एस्तोय बिएन' हें त्यांपैकीं कोणाच्याहि तोंडीं सहज येणारें वाक्य. आणि घरच्यांनींहि आपलें दुखणें त्याच वाक्याखालीं झांकावें, हेंहि तितकेंच संभवनीय. दोन्ही बाजूंस प्रेम आहे, आणि दोन्ही बाजूंस असत्य आहे. आपल्याकडील जुन्या पत्रांत येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें असें कळविण्याचा परिपाठ होता. तेथेंहि मायन्याच्या त्या एका ओळीखालीं किती दुखणीं व किती कर्जें झांकलीं गेलीं असतील, याची गणती कोण करील?

अशा प्रेमळ असत्याविषयीं आमचें मत असें आहे. ज्यास सत्य सांगितलें असतां तो कांहीं करूं शकेल, किंवा निदान आपल्या दुःखांत वाटेकरी होऊं इच्छील, त्याच्यापासून तें लपविणें म्हणजे त्याचा एक हक्क हिरावून घेणें होय. आपण त्यास दुःखापासून वांचवितों असें समजतों. परंतु पुष्कळदां आपण आपणांसच त्याच्या काळजीच्या ओझ्यापासून वांचवीत असतों. पुढें सत्य उघडकीस आलें म्हणजे त्याला दोन दुःखें होतात, एक आपल्या आजाराचें आणि दुसरें आपण त्यास परका लेखल्याचें. याच्या उलट, जो ऐकून काहींच करूं शकत नाहीं, लहान मूल आहे किंवा स्वतःच व्याधिग्रस्त आहे, त्याच्यापाशीं सर्व उघड करण्याचें बंधन नाहीं. मात्र येथेंहि साफ खोटें बोलण्याची गरज क्वचितच पडते. वर आम्हीं उत्तरांच्या ज्या तऱ्हा सांगितल्या त्यांचा उपयोग येथें होतो. 'बरा आहें' आणि 'मरणाच्या दारीं आहें' या दोन टोकांमध्यें लोकव्यवहारानें 'असेंतसेंच आहे', 'गाडा ओढतों आहें', 'आज बरा उजाडलों' अशा कितीतरी पायऱ्या बांधून ठेविल्या आहेत. त्यांवर उभें राहून मनुष्यास लाज राखतां येते आणि सत्यहि राखतां येतें. हे मधले शब्द टाकून जो सरसकट 'उत्तम आहे' असें म्हणतो, तो सौजन्यामुळें नव्हे तर आळसामुळें असत्य बोलतो.

परंतु सारा भार उत्तर देणाऱ्यावर टाकणें अन्यायाचें होईल. प्रश्न विचारणारा थांबण्यास तयार नसेल तर खऱ्या उत्तराची अपेक्षा करण्याचा त्यास अधिकार काय? स्पॅनिश रिवाजांत 'बिएन' म्हटल्यावर लगेच 'ई उस्तेद?' म्हणजे 'आणि आपण?' असें विचारतात. हा 'उस्तेद' शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' या जुन्या आदरार्थी संबोधनाचा झिजून झालेला अवशेष आहे. शब्दांतील कृपा झिजली तरी प्रश्न परत करण्यांतील कृपा झिजूं नये. स्वतःची स्थिति सांगून दुसऱ्याच्या स्थितीकडे वळणें, ही या साध्या संवादांतील सर्वांत मोलाची हालचाल आहे. आणि उत्तर जर अशुभ आलें, तर त्याच भाषेंत पुढचा शब्दहि तयार आहे. 'लो सिएन्तो' हा खेदाचा उद्गार आपण 'मला वाईट वाटतें' असा भाषांतरित करूं. पण त्याचा शब्दार्थ केवळ 'तें मला जाणवतें' एवढाच आहे. 'मला बरें वाटतें' यांतील क्रियापद तेंच. ज्या क्रियापदानें मनुष्य आपलें आरोग्य सांगतो, त्याच क्रियापदानें तो दुसऱ्याच्या दुःखाशीं आपला संबंध सांगतो.

स्पेनच्या भूमींतील कोर्दोबा येथें जन्मलेला रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानें आपल्या एका पत्रांत जुन्या रोमन मायन्याची आठवण दिली आहे. 'तूं बरा असशील तर ठीकच, मी बरा आहें' अशा अर्थाचा तो मायना होता. सेनेकाचें म्हणणें असें कीं, खरें पाहतां 'तूं तत्त्वचिंतन करीत असशील तर ठीक' असें लिहावयास पाहिजे. कारण मन रोगी असतां शरीराचें बळ हें वेड्याच्या बळासारखें होय. सेनेकाशीं आमचा थोडा मतभेद आहे. जुना मायना इतका टाकाऊ नव्हता. 'तूं बरा असशील तर' ही अट त्यांत प्रथम येते, आणि 'मी बरा आहें' हें मागून येतें. दुसऱ्याचें कुशल कळल्यावांचून आपलें कुशल पुरें होत नाहीं, ही जाणीव ज्या समाजानें पत्राच्या पहिल्या ओळींत गोंविली, त्यानें तत्त्वचिंतनास कांहीं कमी केलें नाहीं.

सारांश, 'मी बरा आहें' हें वाक्य बोलतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बरें असणें ही उभे राहण्याची एक जागा आहे. ती आज आहे, उद्यां पायांखालून सरकेल, आणि सरकली म्हणून लाजण्याचें कारण नाहीं. चांगलें असणें याचा हिशेब निराळा आहे. तो प्रकृतीच्या हातीं नाहीं, आपल्या हातीं आहे. आणि ज्याच्या पायांखालची जागा सरकली आहे त्यास तें खरें सांगतां यावें इतका वेळ त्याच्यापाशीं थांबणें, हा त्या चांगलेपणाचा, आमच्या मतें, पहिला भाग आहे.